थैली सारखी, हिशेब वेगळा

शेलारला पोरांची कबड्डी रंगली की आम्हीही कडेला उभे राहतो. २०१४ साली प्रो कबड्डी लीग सुरू झाली. तिथे खेळाडूंचा लिलाव होतो. ज्या संघाची बोली मोठी, त्याच्याशी खेळाडूचा करार. पण खर्चाला हद्द असते. २०२३ साली ती दर संघाला ५ कोटी रुपये होती. का बरे? हद्द नसती, तर पैसेवाल्याने सारेच चांगले गडी नेले असते.

तेलुगू टायटन्सने एकट्या पवन सेहरावतवर २ कोटी ६० लाख ५० हजार खर्चले. बाकीच्यांसाठी निम्म्याहून कमी उरले. तो संघ तळाला राहिला. पुणेरी पलटणनेही एका गड्यावर २ कोटी ३५ लाख खर्चले. पण अस्लम इनामदारसारखे तरुण गडी आधीच पदरी राखले होते. पुणे जिंकले. घरखर्चाचेही तसेच, नाही का?