स्क्रूच्या माथ्याची बैठक

दार मिटताना शेवटच्या बोटभर अंतरावर अडते, चौकटीशी बसता बसता मागे रेटल्यासारखे होते, आणि घरमालक त्याचा दोष पावसाळ्याला, लाकडाच्या फुगण्याला किंवा चौकट बसविणाऱ्या गवंड्याला देऊन मोकळा होतो. परंतु बिजागरीच्या दोन पानांमध्ये डोकावून पाहण्याची तसदी ज्याने घेतली, त्यास खरा गुन्हेगार पुष्कळदा तेथेच सापडतो. पानावरील भोकाला जी खोलगट बैठक दिलेली असते तिच्या मापापेक्षा मोठ्या माथ्याचा स्क्रू तेथे पिळून बसविलेला असतो, त्याचा माथा पानाच्या पातळीहून केसभर वर राहिलेला असतो, आणि समोरच्या पानावरील त्याचाच भाऊबंद त्याच्यावर येऊन टेकतो. दार रंधून उपयोग नाही, बिजागरी बदलूनही नाही. माथा आणि बैठक यांचे माप जुळविणे एवढाच त्यावर उपाय.

वरून सपाट आणि खालून शंकूसारखा निमुळता होत गेलेला असा ज्याचा माथा असतो, तो स्क्रू ज्या लाकडात किंवा धातूत बसवायचा त्यात त्याच शंकूच्या आकाराची बैठक कोरून देणे हे ज्या हत्याराचे काम, ते काउंटरसिंक बिट. कारखान्यांतून त्याला आणि त्या जातीच्या स्क्रूलाही सरसकट ‘सीएसके’ म्हणतात, आणि मुंबईत नागदेवी स्ट्रीटला किंवा पुण्यात बोहरी आळीला याच नावाने मागणी केल्यास दुकानदाराला अधिक कैफियत द्यावी लागत नाही. हे हत्यार भोक पाडीत नाही; भोक पूर्वीच पडलेले आहे असे गृहीत धरून त्याच्या तोंडापासून त्याचा अंमल सुरू होतो. सबब ज्यांना वाटते की भोकापेक्षा मोठे ड्रिल घेऊन तोंडाशी दोन फेरे मारले म्हणजे हेच काम होते, त्यांनी साध्या ड्रिलच्या टोकाचा कोन किती असतो हे एकदा पाहावे. तो सामान्यतः ११८ अंशांचा, काही जातींत १३५ अंशांचा असतो, आणि आपल्याकडील स्क्रूचा माथा असतो ९० अंशांचा. अशा पसरट खळग्यात माथा केवळ तळाशी एका बारीक कड्यावर टेकतो व त्याची बाकीची सर्व कड अधांतरी राहते. शिवाय ड्रिलला दोनच धारा असल्यामुळे त्या भोकाच्या कडेत रुतून झटका देतात आणि खळगा वर्तुळाकार न होता तिकोनी होतो. काटकसरीच्या नावाखाली चालणारा हा प्रघात मला मुळीच मान्य नाही.

कोनाचा हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा असून दुर्दैवाने खरेदीच्या वेळी सर्वांत कमी विचारला जाणाराही तोच आहे. मेट्रिक मापाच्या स्क्रूंसाठी ९० अंश हा कोन मुक्रर झालेला आहे. अमेरिकेतील इंची स्क्रूंचा माथा ८२ अंशांचा असतो. विमानाच्या पत्र्यातील रिव्हेट व स्क्रू यांच्यासाठी तेथे १०० अंशांचा पसरट कोन वापरतात. १२० अंशांची बिटे काही प्रकारच्या रिव्हेटांसाठी आणि बर, म्हणजे कापल्यावर कडेला उरणारा खरखरीत कंगोरा, काढण्यासाठी उपयोगी पडतात. आणि लेथवर काम टेकविण्यासाठी जे सेंटर-ड्रिल वापरतात त्याचा कोन ६० अंशांचा असल्यामुळे, दिसायला तेही शंकूच असले तरी, स्क्रूची बैठक त्याने करू नये. आपल्या देशाने १९५६ च्या कायद्याने दशमान वजने-मापे स्वीकारली, तरी सुतारकामात सूत हे माप, म्हणजे इंचाचा आठवा हिस्सा, अद्याप सुखाने नांदत आहे. सुदैवाने कोनाच्या बाबतीत ही दुहेरी राजवट आपल्याला जाचत नाही, कारण बाजारातील लाकडाचे स्क्रू व मेट्रिक मशीन-स्क्रू बहुतेक ९० अंशांचेच असतात. घोटाळा होतो तो परदेशी संच घरपोच मागविणाऱ्याचा : डबीवर सोनेरी मुलामा पाहून तो भुलतो आणि शॅंकवर बारीक अक्षरांत कोरलेला ८२ हा आकडा त्याच्या नजरेतून सुटतो.

आठ अंशांनी असे काय बिघडते, ही शंका रास्त आहे. ९० अंशांचा माथा ८२ अंशांच्या बैठकीत घातला तर तो केवळ वरच्या काठाशी टेकतो आणि खाली पोकळी राहते, त्यामुळे सर्व दाब एका धारदार कडेवर येऊन रंगाचा पापुद्रा, ॲक्रिलिकचा तुकडा किंवा प्लायचा वरचा थर उडतो. याच्या उलट ८२ अंशांचा माथा ९० अंशांच्या बैठकीत घातला तर तो तळाशी अडतो आणि काठाशी फट राहते. दोन्ही प्रसंगी संपूर्ण शंकूवर पसरावयाचा भार एका रेषेवर एकवटतो, आणि ज्या यंत्रात सतत हादरे बसतात तेथे असा स्क्रू हळूहळू ढिला होतो. बैठक जुळली की नाही याची खातरजमा करण्याची युक्ती सोपी आहे : माथ्याच्या खालच्या बाजूला शाई किंवा निळीचे बोट फिरवावे, स्क्रू आवळून पुन्हा काढावा, आणि बैठकीत रंग सर्वत्र उमटला आहे की एखाद्या कड्यापुरताच, ते पाहावे.

खोलीचा हिशेब याहूनही सरळ आहे. ९० अंशांच्या शंकूत खाली जितके जावे त्याच्या दुपटीने वरचे तोंड रुंदावते; अर्थात बिट १ मिलिमीटर अधिक उतरले की वर्तुळ २ मिलिमीटरांनी वाढते, आणि म्हणूनच शेवटच्या क्षणी हाताचा दाब आवरता न आल्यास माथा खड्ड्यात गडप होतो. प्रत्येक वेळी मोजपट्टी लावीत बसण्याऐवजी अनुभवी कारागीर स्क्रू उलटा धरून त्याचा माथा कोरलेल्या तोंडावर ठेवून पाहतात; दोहोंचा घेर तंतोतंत जुळला की थांबतात. एकाच मापाची पन्नास भोके करावयाची असतील तर ड्रिल-प्रेसवरील खोलीचा अडसर एकदाच बांधून घ्यावा हे उत्तम.

माथा पृष्ठभागाशी समतल करण्याचा हा खटाटोप केवळ डोळ्यांच्या सुखासाठी असतो असा ज्यांचा समज आहे, त्यांनी स्पिटफायर या ब्रिटिश लढाऊ विमानाची हकीकत ऐकण्यासारखी आहे. समतल रिव्हेट मारणे वेळखाऊ व खर्चाचे. तेव्हा गोल माथ्याचे स्वस्त रिव्हेट कोठे चालतील हे ठरविण्यासाठी अभियंत्यांनी विमानाच्या समतल रिव्हेटांवर वाटाण्याच्या डाळी डिंकाने चिकटविल्या, ते उडवून वेग किती घटतो ते मोजले, आणि मग टप्प्याटप्प्याने एकेका भागावरील डाळी खरवडून काढीत पुन्हा पुन्हा उड्डाणे केली. पंखांवर डाळीचा फटका जबर बसला, म्हणून तेथील रिव्हेट बुडलेलेच राहिले. धडाच्या मागील भागात मात्र उंचवट्याला माफी मिळाली. स्वयंपाकघरातील जिन्नसाने इतका निर्णायक फैसला दिल्याची उदाहरणे थोडीच असतील.

आता हत्याराच्या आकाराकडे वळू. बाजारात एकधारी, तीनधारी, पाच-सहाधारी आणि शंकूतून आरपार तिरके भोक काढलेले अशा चार जाती प्रामुख्याने दिसतात. अनेक धारांचे बिट पाहताना भरदार व भारी वाटते, परंतु हातात धरावयाच्या ड्रिलवर तेच अधिक त्रास देते, कारण समान अंतरावरील प्रत्येक धार पुढच्या धारेने सोडलेल्या उंचवट्यावर नेमकी आपटते, थरथर एकदा सुरू झाली की तीच वाढत जाते, आणि बैठकीत किरणांसारख्या रेघा उमटतात. याला कारखान्यांत चॅटर म्हणतात. म्हणूनच काही चांगल्या बिटांत धारांमधील अंतरे मुद्दाम असमान ठेवलेली असतात. तिरक्या भोकाच्या जातीत कापणारी कड एकच असून शंकूचा उरलेला गुळगुळीत भाग कामाला टेकून आधार देतो, त्यामुळे ॲल्युमिनियम, पितळ व मऊ पोलाद यांत ती फार स्वच्छ चालते. घरी किंवा लहान कारखान्यात एकच बिट ठेवावयाचे झाल्यास मी निःसंकोचपणे हीच निवडीन.

धातूत काम करताना घाई हा मोठा शत्रू. ड्रिल ज्या गतीने चालते त्याच्या निम्म्या, किंबहुना तिसऱ्या हिश्श्याच्या गतीने काउंटरसिंक चालवावे. १२ मिलिमीटर व्यासाचे एचएसएस (हाय-स्पीड स्टील) बिट मऊ पोलादात मिनिटाला २५० च्या आसपास फेऱ्यांनी फिरले तर पुरे, आणि ज्या लहान ड्रिल-प्रेसची गती इतकी उतरतच नाही तिथे वेग बदलता येणारे हाती ड्रिल, काम शिकंज्यात घट्ट आवळून, अधिक बरे. दाब ठाम असावा. नुसते घासत राहिल्यास धार जाते, आणि स्टेनलेस स्टीलसारखा धातू तर घासण्याने पृष्ठभागी अधिकच कठीण बनून पुढच्या फेऱ्याला जुमानत नाही. त्यासाठी कोबाल्टमिश्रित बिट व भरपूर कटिंग ऑइल हवे. ॲल्युमिनियमला रॉकेलचे चार थेंब चालतात, बीड कोरडेच कापावे. इतके करूनही थरथर राहिली तर जुने फिटर यंत्र थांबवून बिट व भोक यांच्यामध्ये जाड कापडाची घडी ठेवतात आणि हळूच शेवटचा फेरा देतात. आटे पाडावयाच्या भोकालाही टॅप घालण्यापूर्वी आट्यांच्या बाहेरच्या व्यासापेक्षा किंचित रुंद तोंड करून घ्यावे, म्हणजे पहिला आटा वर उचलला जाऊन जोड उघडा पडत नाही.

पातळ पत्र्याचे प्रकरण वेगळे आहे. बैठकीची खोली पत्र्याच्या जाडीच्या दोन-तृतीयांशापलीकडे जाऊ लागली की खालची कड सुरीच्या पात्यासारखी होऊन भाराखाली फाटते. तेथे पत्रा कोरण्याऐवजी दाबून खळगा पाडणे, किंवा सरळ पॅनहेड स्क्रू पत्करणे शहाणपणाचे. बुडत्या माथ्याच्या स्क्रूचा आणखी एक हट्ट असा की तो भोकात आपला मध्य आपणच ठरवितो आणि आजूबाजूला सरकण्यास तसूभरही सवलत देत नाही, त्यामुळे ओळीत सहा स्क्रू असून एका भोकाची आखणी चुकली तर तोच एक तिरपा बसतो व सर्वांच्या नजरेत भरतो.

लाकूड त्या मानाने दयाळू असले तरी त्याचे स्वतःचे कायदे आहेत. इंग्लंडमध्ये स्मेथविक येथे नेटलफोल्ड यांच्या स्क्रूच्या कारखान्यात १८५४ पासून अणकुचीदार टोकाचे स्क्रू अमेरिकन पेटंटाच्या यंत्रांवर निघू लागले. तत्पूर्वीचे स्क्रू बोथट टोकाचे असल्यामुळे भोक पाडल्यावाचून गत्यंतरच नव्हते. टोक आले आणि भोक न पाडता स्क्रू ठोकण्याची चटक लागली, ती आजतागायत सुटलेली नाही. सागवान हे एकदा सहन करील, पण शिसव किंवा बाभळीच्या फळीच्या टोकाशी शंकूच्या आकाराचा माथा पाचरीचे काम करतो आणि फळी उभी चिरते. आठ नंबरचा स्क्रू, म्हणजे सुमारे ४.२ मिलिमीटर जाडीचा, कठीण लाकडात घालावयाचा असेल तर आतल्या फळीत ३ मिलिमीटरांचे भोक, वरच्या फळीत स्क्रू सैल जाईल इतके मोठे भोक, आणि मग बैठक, हा क्रम पाळावा. ही तिन्ही कामे एका दमात करणारे जोड-बिट मिळते; त्याचे ड्रिल निमुळते असून वरची कॉलर खोली आवरते, आणि कपाटे करणाऱ्याने ते घेतल्यास पैसे वसूल होतात. व्हेनिअर लावलेल्या प्लायवर मात्र प्रथम ड्रिल उलटे फिरवून काठावर वर्तुळ कोरून घ्यावे आणि मग सुलटे चालवावे, म्हणजे थराच्या कपच्या निघत नाहीत. पितळी स्क्रूसाठी त्याच मापाचा पोलादी स्क्रू आधी फिरवून वाट करून द्यावी; पितळेचा माथा कडक लाकडात पिळून तुटला की तो काढणे महाकठीण.

धारेविषयी एवढेच की एमडीएफ व पार्टिकल बोर्ड यांतील गोंद एचएसएसची धार झपाट्याने मारतो, तेव्हा त्यावरच रोजचे काम असणाऱ्याने कार्बाइडचे बिट घ्यावे. इतरांना ६, १२ व २० मिलिमीटरांची ९० अंशांची तीन बिटे वर्षानुवर्षे पुरतात. एकधारी व तीनधारी बिटे बारीक तेल-दगडावर घरी पाजळता येतात, परंतु दगड फक्त धारेच्या आतील सपाट तोंडावर फिरवावा. शंकूच्या बाहेरील अंगाला तो लावल्यास धारेमागील सुटीची जागाच नाहीशी होते आणि मग ते बिट कापण्याऐवजी नुसते घासत राहते.