काम आपले कधी वाटते?

रोजंदारीवर पाणी धरायला गेलेला गडी पाट फुटलेला पाहतो आणि म्हणतो, "मालक आला की सांगू." तोच गडी संध्याकाळी स्वतःच्या अर्ध्या एकरात पाट फुटला, तर पायातली पायताणं भिरकावून चिखलात उतरतो. माणूस तोच, हात तेच, खोरेही तेच. मग फरक कशाने पडला?

कारखान्यात, कचेरीत, शाळेत वरिष्ठ मंडळी वारंवार सांगत असतात, "बाबांनो, हे काम आपले समजून करा." पण नुसत्या सांगण्याने आपलेपणा आला असता तर काय हवे होते! तो कशाने येतो, याचे एक चांगले उदाहरण मुंबईत घडले आहे.

१५ मार्च १९५९ रोजी गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात गृहिणी पापड लाटायला बसल्या. भांडवल म्हणून छगनलाल पारेख या समाजसेवकाकडून ८० रुपये उसने घेतले होते. पहिल्या दिवशी तयार झाली ती अवघी चार पाकिटे. हाच आपल्या सर्वांच्या ओळखीचा लिज्जत पापड.

पहिल्याच वर्षी पावसाळ्याने गाठले. ऊन नाही, पापड वाळेनात. चार महिने काम बंद पडले. आता विचार करा, या बाया पगारी नोकर असत्या तर काय झाले असते? "पाऊस आहे, आम्ही काय करणार?" असे म्हणून त्या घरी बसल्या असत्या, आणि त्यात त्यांची चूकही नव्हती. पण धंदा त्यांचा स्वतःचा होता. पुढच्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक शेगडी विकत आणली. पापड खाटेवर, शेगडी खाटेखाली! पावसातही पापड वाळू लागले. ही युक्ती वरून कोणी हुकूम काढून सुचली नव्हती. ज्याचे नुकसान होते त्यालाच उपाय सुचतो.

आज या संस्थेत ४० हजारांहून अधिक स्त्रिया आहेत, आणि त्या एकमेकींना 'बहीण' म्हणतात. नोकर कोणी नाही, मालकीण एकटी कोणी नाही. पीठ केंद्रावर मळले जाते, म्हणजे चव सगळीकडे सारखी राहते. बहीण ते घरी नेते, लाटते, वाळवते आणि दुसऱ्या दिवशी आणून देते. तिथे तपासणी होते, मग लाटणावळ हाती पडते. वरचा कारभार पाहणारी समितीही बहिणींतूनच निवडली जाते. नफा होवो की तोटा, तो सगळ्यांनी वाटून घ्यायचा. म्हणून एकीने कच्चा पापड दिला तर नाव सर्वांचे जाते, हे तिला कोणी समजावून सांगावे लागत नाही. या संस्थापक बहिणींपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली.

यातून तीन गोष्टी ध्यानात येतात. पहिली, लाभात वाटा हवा. दुसरी, निर्णयात शब्द हवा. तिसरी, हिशेब उघडा हवा. या तिन्ही नसताना "आपण सारे एक कुटुंब" असे म्हणणे म्हणजे पंगतीला बोलावून वाढायचे मात्र नाही, असा प्रकार होतो. माणसे ते ओळखतात. बोलत नाहीत एवढेच.

आता कोणी म्हणेल, "आमच्या शाळेत कसला नफा नि कसला वाटा?" बरोबर आहे. सरकारी नोकरीत भागीदारी देता येत नाही. पण वेळापत्रक करताना शिक्षकांना विचारता येते. सादिल खर्चाचा कागद सर्वांसमोर मांडता येतो. बागेचा एक वाफा एका वर्गाच्या हवाली करून, त्यात काय लावायचे हे त्या पोरांनाच ठरवू देता येते. मग पाणी घालायला सांगावे लागते का, ते बघा! आणि वाफ्यात उगवले त्याचे कौतुक होताना मुख्याध्यापकांनी दोन पावले मागे उभे राहावे.

आपलेपणा मागून मिळत नाही. आधी थोडा अधिकार आपल्या हातून सोडावा लागतो. पाट फुटल्यावर गड्याने चिखलात उतरावे असे वाटत असेल, तर पिकल्यावर त्याच्या पदरात काय पडणार, हे पेरणीच्या आधीच बोललेले बरे.