करुणेलाही विश्रांती हवी : अग्निशामकांच्या थकव्याचा विचार

१४ एप्रिल हा दिवस आपण बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची जयंती म्हणून साजरा करतो. याच तारखेस, १९४४ साली, मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ या जहाजावर भीषण स्फोट झाला व आग विझविण्यास गेलेले ६६ अग्निशामक मृत्युमुखी पडले. त्यांच्या स्मरणार्थ हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणूनही पाळला जातो. मृतांस अभिवादन करणे उचितच होय. परंतु जे अग्निशामक जिवंत परत येतात, त्यांच्या शरीराचे व मनाचे पुढे काय होते, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. त्याचा थोडा विचार आम्ही येथे करू इच्छितो.

कर्जत-खालापूरचा प्रदेश या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. एकीकडे बोरघाट व द्रुतगती महामार्ग, दुसरीकडे खोपोलीचे कारखाने, आणि त्यांच्या माथ्यावर पावसाळ्यात सुटणारे डोंगर. २०२३ सालचे एकच उदाहरण घेऊ. १५ एप्रिलच्या पहाटे बोरघाटात बस दरीत कोसळून १३ जण दगावले. १३ जूनला घाटात खंडाळ्यानजीक रसायनाचा टँकर पेटून जीवितहानी झाली. १९ जुलैच्या रात्री इर्शाळगडाच्या कुशीतील इर्शाळवाडी ही ठाकर समाजाची वस्ती दरडीखाली गाडली गेली. तेथे गाडीरस्ता नव्हता, यंत्रे वर नेता येत नव्हती. पाऊस व धुके यांत पायवाटेने चढून, कुदळ-फावड्यांनी व हातांनी चिखल उपसावा लागला. २७ मृतदेह मिळाले. २३ जुलैला शोधकार्य थांबविण्यात आले, तेव्हा ५७ जण बेपत्ताच होते. पहिल्याच रात्री मदतीसाठी वर चढत असता नवी मुंबई अग्निशमन दलाच्या एका अधिकाऱ्यास हृदयविकाराचा झटका आला व त्यांचे निधन झाले.

त्या मृत्यूचे सर्व कारण ताणात शोधणे योग्य होणार नाही. तथापि या व्यवसायाचा भार हृदयावर पडतो, हे सिद्ध आहे. घंटा वाजताच विश्रांतीत असलेल्या शरीरास क्षणात पूर्ण शक्तीने धावावे लागते. त्यात जड पोशाख, उष्णता, धूर व घामाने होणारा पाण्याचा ऱ्हास यांची भर पडते. अमेरिकेत २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले की, तेथील अग्निशामकांच्या कर्तव्यावरील मृत्यूंपैकी सुमारे ४५ टक्के हृदयविकाराने होतात. प्रत्यक्ष आग विझविण्यात त्यांच्या कामाचा अत्यल्प वेळ जातो. तरीही हृदयविकाराचे सुमारे एक तृतीयांश मृत्यू त्याच वेळी घडतात.

मनाचा थकवा याहून संथ व अदृश्य असतो. इंग्रजीत ज्यास ‘बर्नआऊट’ म्हणतात, ती संज्ञा मानसतज्ज्ञ हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी १९७४ साली रूढ केली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली तिची व्याख्या निश्चित करताना, हा रोग नसून कामाच्या ठिकाणच्या न आवरलेल्या दीर्घ ताणाचा परिणाम आहे, असे स्पष्ट केले. त्याची लक्षणे तीन : शक्ती संपल्याची जाणीव, कामाविषयी दुरावा किंवा तुच्छता, आणि आपल्या हातून काही साधत नाही ही भावना. यांतील तिसरे लक्षण इर्शाळवाडीसारख्या प्रसंगी किती सहज उद्भवेल, हे सांगणे नको. जेथे चार दिवस खणूनही अनेकांचे देह हाती लागत नाहीत, तेथे कुशल माणूसही स्वतःस अपयशी समजू लागतो.

येथे आचार्य बुद्धघोषांचे एक सूक्ष्म विवेचन उपयोगी पडते. ‘विसुद्धिमग्गा’त ते प्रत्येक ब्रह्मविहाराचा एक दूरचा व एक जवळचा शत्रू सांगतात. करुणेचा दूरचा शत्रू हिंसा होय, ती लगेच ओळखू येते. तिचा जवळचा शत्रू मात्र शोक. तो करुणेसारखाच दिसतो, पण माणसास बुडवितो. उपेक्षेचा, म्हणजे समचित्ततेचा, जवळचा शत्रू अज्ञानजन्य बेपर्वाई होय. थकलेल्या जवानाची कोरडी थट्टा, त्याचे घरी गप्प बसणे, ‘आता काही वाटत नाही’ हे उद्गार यांस आपण धैर्य समजतो. वस्तुतः ती समचित्तता नसून तिचा जवळचा शत्रू असू शकतो.

मग उपाय कोणता? ‘ध्यान करा’ एवढे सांगून आपण मोकळे होऊ नये. व्याख्येतच कारण कामाच्या ठिकाणी दाखविले आहे. म्हणून पुरेसे मनुष्यबळ, पाळी संपताच बदली माणूस, नियमित हृदयतपासणी आणि प्रत्येक मोठ्या घटनेनंतर सक्तीची विश्रांती, या गोष्टी आधी हव्यात. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २००९ सालीच आपत्तीतील मानसिक आधाराविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली आहेत. ती तालुक्याच्या केंद्रापर्यंत पोहोचली पाहिजेत. शासनाची ‘टेलि-मानस’ ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. तिचा उपयोग करणे हे दुबळेपणाचे लक्षण नव्हे, हे वरिष्ठांनी स्वतः बोलून दाखवावे. खोपोली परिसरातील जे गिर्यारोहक व तरुण स्वयंस्फूर्तीने दरीत उतरतात, त्यांस तर कोणतीच पाळी नसते. त्यांचाही यात समावेश व्हावा.

दुसऱ्याचे दुःख पाहून सज्जनाचे हृदय हेलावते, ती करुणा होय. परंतु ते हृदय रक्तामांसाचे असते. त्यास विसावा देणे हे त्या माणसाचे एकट्याचे काम नाही. ज्यांच्यासाठी तो धावतो, त्या समाजाचे ते कर्तव्य आहे.