36 फ्रेम ते 64 जीबी: महामहमच्या तीन फेऱ्या

गुरू सिंह राशीत आला की नाशिक-त्र्यंबकेश्वरला सिंहस्थ भरतो, हे मराठी माणसाला सांगायला नको. त्याच गुरूच्या मुक्कामात, तमिळ मासी महिन्यात चंद्र मघा नक्षत्रात असताना, कावेरीकाठच्या कुंभकोणमला महामहम येतं. नाशिकला स्नान गोदावरीत, इथे गावातल्या एका तळ्यात. तळ्याच्या काठावर 16 मंडप आहेत. तंजावरच्या नायकांचे मंत्री गोविंद दीक्षित यांनी ते बांधवले, असं गावात सांगतात. 1992, 2004, 2016 या गेल्या तीन फेऱ्या. पुढची 2028 ला. कॅमेऱ्याच्या पिशवीत काय काय बदलत गेलं हे बघायला याहून चांगली पट्टी माझ्याकडे नाही. तळं तेच, गर्दी तीच, उजेडही तोच. दर फेरीला टंचाई मात्र वेगळ्याच गोष्टीची पडते.

1992 ला टंचाई होती फ्रेमची. एका रोलमध्ये 36, हात सफाईचा असेल तर 37. कॅमेऱ्यावर चर्चा फार होत नसे; बहुतेकांकडे एकच बॉडी असायची आणि ती वर्षानुवर्षं चालायची. खरा खल व्हायचा रोलवर. मुंबईत फोर्टातल्या बोरा बझारला जायचं, डब्यावरची तारीख बघायची, पाकिटात असतील तेवढ्या पैशांचे रोल घ्यायचे. फुजीची व्हेल्विया तेव्हा नवीन होती, 1990 ची. रंग असे की केळीच्या पानावरची हळदसुद्धा बोलायची. पण वेग 50 आयएसओ. कुंभकोणमला लागूनच असलेल्या दारासुरमच्या ऐरावतेश्वर मंदिरात, राजराज दुसरा या चोळ राजाने बाराव्या शतकात बांधलेल्या त्या मंडपात, आतल्या खांबांवर अशी फिल्म लावली की शटर पाव सेकंदावर यायचं. म्हणजे ट्रायपॉड, आणि ट्रायपॉड म्हणजे पुरातत्त्व खात्याची परवानगी. ती नसेल तर खांबाला खांदा टेकवायचा, श्वास रोखायचा आणि बटण दाबायचं.

त्या वर्षी 18 फेब्रुवारीला तळ्यावर चेंगराचेंगरी झाली. मुख्यमंत्री जयललिता स्नानाला आल्या होत्या, त्यांना बघायला लोटलेल्या गर्दीत पन्नासच्या आसपास माणसं गेली. 2003 च्या सिंहस्थात नाशिकलाही तेच घडलं. प्रवासाचं सामान निवडताना लोक मेगापिक्सेल बघतात. मला वाटतं, अशा जागी पहिला प्रश्न हाच असावा की धावायची वेळ आली तर हे सगळं अंगावर घेऊन धावता येईल का. उत्तर ‘नाही’ असेल तर भिंग कितीही भारी असो, ते हॉटेलात राहिलेलं बरं.

2004 च्या महामहमला, 6 मार्चला, डिजिटल एसएलआर सामान्य हौशी माणसाच्या आवाक्यात येऊन जेमतेम काही महिने झाले होते. कॅननचा 300डी ऑगस्ट 2003 मध्ये आला, हजार डॉलरच्या खालचा पहिला, 6.3 मेगापिक्सेलचा. आता रोलची कटकट संपली, असं जो तो म्हणत होता. प्रत्यक्षात काय झालं? त्या कॅमेऱ्याची एक रॉ फाइल 7 एमबीच्या आसपास, आणि परवडणारं कार्ड 256 एमबीचं. भागाकार करून बघा. छत्तीसच! नियतीने केलेला विनोद म्हणायचा हा. फरक इतकाच, की रोल संपला की पिशवीत दुसरा असायचा आणि कार्ड संपलं की आपणच संपायचो.

मग जेपेग. एका कार्डावर ऐंशीच्या आसपास बसायचे, पण दुपारच्या उन्हात पांढऱ्या वेष्टींवरचा, म्हणजे धोतरांवरचा, तपशील कायमचा उडून जायचा, पुढे कितीही ओढाताण केली तरी परत न येणारा. आणि कार्डांचे प्रकार किती! कॉम्पॅक्टफ्लॅश, स्मार्टमीडिया, सोनीची मेमरी स्टिक, ऑलिंपस-फुजीचं एक्सडी, आणि 1999 पासूनचं एसडी. बरोबरच्या चौघांकडे चार कॅमेरे असले तर एकाचं कार्ड दुसऱ्याला चालत नसे. कॅमेरा घेताना आपण खरं तर कार्डाशी सोयरीक जुळवत होतो, हे पुष्कळांना घरी गेल्यावर कळलं.

संध्याकाळी सायबर कॅफे. कार्ड रीडर आपला न्यायचा, कारण तिथे असेलच याची खात्री नाही. संगणकाचं यूएसबी जुनं असलं तर 256 एमबी उतरवायलाच चार-पाच मिनिटं, त्यानंतर सीडी बर्न करायची. 700 एमबीच्या एका सीडीत जेमतेम अडीच कार्डं. मधेच वीज गेली की ती सीडी फुकट. शहाणी माणसं दोन सीडी काढायची आणि कार्ड पुसण्यापूर्वी निदान एक तरी फोटो सीडीवरून उघडून बघायची. ज्याने हे केलं नाही त्याची हळहळ मी ऐकली आहे.

त्या सीडींचं पुढे काय झालं हे सांगायलाच हवं. माझ्या ओळखीतल्या कित्येकांच्या सीडी आज वाचल्या जात नाहीत. वरचा थर उडाला, शाईसारखा रंग विटला, आणि आता सीडी बसवायला संगणकात खाचही नाही. 1992 च्या स्लाइड मात्र खिडकीशी धरल्या की दिसतात. काहींना पावसाळ्यांत बुरशी लागली, तरी दिसतात. कुंभकोणमहून 40 किलोमीटरवर तंजावरला बृहदीश्वराच्या आवारात सरफोजी दुसऱ्यांनी 1803 मध्ये भोसले घराण्याची बखर मराठीत दगडावर कोरून घेतली. तिला रीडर लागत नाही. अर्थात दगड पिशवीत मावत नाही, आणि सरफोजींना रोज दोन हजार फोटो साठवायचे नव्हते.

2016 ला, 22 फेब्रुवारीला, तळ्याभोवती कॅमेऱ्यांपेक्षा हात उंचावून धरलेले फोनच जास्त होते. जागा आता मुबलक. 24 मेगापिक्सेलची रॉ फाइल 25 एमबीची धरली तरी 64 जीबीच्या कार्डात दोन-अडीच हजार. तुटवडा आला तो बॅटरीचा आणि त्याहून जास्त निवडायच्या वेळेचा. पूर्वी बघून काढायचो, आता काढून बघायचो. दारासुरमच्या मुख्य देवळाच्या भिंतीवर, बाहेरच्या बाजूने खाली, नायन्मार संतांच्या कथांची छोटी शिल्पं आहेत, वर जुन्या तमिळ अक्षरांत नावं. एकेक शिल्प वितीत मावेल एवढं. सकाळचं तिरपं ऊन भिंतीला घासून जातं तेव्हाच त्यातली माणसं उठून दिसतात. तिथे लांबून झूम करून उपयोग नाही. जवळ फोकस होणारं साधं 50 किंवा 60 मिलीमीटरचं मॅक्रो आणि गुडघे टेकायची तयारी हवी. फोनवाल्यांनी तिथे बहुतेक अंधारच टिपला.

घरोघरी त्या वर्षीच्या आठवणी व्हॉट्सअॅपमधून गेल्या. फोन भरला म्हणून मूळ फोटो पुसले, उरले ते व्हॉट्सअॅपने दाबून लहान केलेले. काहींनी गूगल फोटोजवर टाकून निर्धास्त झोप काढली. ती फुकट अमर्याद सोय 1 जून 2021 पासून बंद झाली.

आता 2028. डिसेंबर 2022 मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने तमिळनाडूतल्या मंदिरांत मोबाइलला मनाई करायला सांगितलं. फोन हाच आपला कॅमेरा, हाच साठा, हेच तिकीट, असं मानणाऱ्याने याचा विचार आधीच करून निघावं. व्हिडिओ करणार असाल तर गणित आणखी कडक आहे: 100 मेगाबिटच्या फोर-केला तासाला 45 जीबी. कार्डावर व्ही30 असं छापलेलं हवं, म्हणजे सेकंदाला निदान 30 एमबी लिहिण्याची हमी. फुटपाथवर किंवा भलत्याच स्वस्तात मिळालेलं 512 जीबीचं कार्ड घरीच एकदा काठोकाठ भरून, पुन्हा वाचून तपासावं. बनावट कार्डं खोटी क्षमता सांगतात आणि ठरावीक जागेपुढे सगळं गिळतात.

माझी यादी छोटी आहे. बॉडी 2016 चीच, तिला काही झालेलं नाही. दोन कार्डांच्या खाचा असलेली, म्हणजे प्रत्येक फोटो दोन्हीकडे. 256 जीबीचं एक कार्ड घेण्याऐवजी 64 ची चार, कारण गर्दीत हरवलं तर एक दिवस जाईल, अख्खी यात्रा नाही. एक 35 मिलीमीटर, एक मॅक्रो, लेन्सच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या. रोज रात्री कार्डांची प्रत छोट्या एसएसडीवर. नवी बॉडी न घेतल्याने वाचलेले पैसे तिच्यावर जातील. आणि ती एसएसडी माझ्या पिशवीत नसेल, बरोबर येणाऱ्या मित्राच्या पिशवीत असेल, त्याने कितीही कुरकुर केली तरी.