मॉर्टन यांचे एक मत: गैरसमज आणि वस्तुस्थिती

नोव्हेंबर १८३९ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात गव्हर्नरपदासाठी निवडणूक झाली. तीत डेमोक्रॅट मार्कस मॉर्टन यांनी व्हिग पक्षाचे विद्यमान गव्हर्नर एडवर्ड एव्हरेट यांना एका मताने हरवले, असे सर्रास सांगितले जाते. प्रत्यक्षात मॉर्टन यांना ५१,०३४ आणि एव्हरेट यांना ५०,७२५ मते पडली. दोघांत ३०९ मतांचे अंतर होते.

ते प्रसिद्ध एक मत नियमातून आलेले आहे. राज्याच्या १७८० च्या घटनेनुसार पहिला क्रमांक पुरत नसे. एकूण मतांच्या निम्म्याहून अधिक मते लागत. इतरांना गेलेली ३०७ धरून एकूण मते १,०२,०६६ होती आणि त्यांची निम्मी ५१,०३३. मॉर्टन यांच्याकडे त्याहून नेमके एक जास्त होते.

त्यांचा एखादा समर्थक घरी बसला असता तरी पद गेले असते, हा समजही हिशेबाला टिकत नाही. एकूण मतेही एकाने घटली असती आणि ५१,०३३ मते १,०२,०६५ च्या निम्म्याहून अधिकच भरली असती. त्याच समर्थकाने दुसऱ्या कोणाला मत दिले असते, तर मात्र बहुमत हुकले असते. मग प्रतिनिधीगृहाने आघाडीच्या चौघांतून दोघे निवडायचे आणि त्या दोघांतून एकाची निवड सिनेटने करायची, असा क्रम होता. विधिमंडळात वर्चस्व व्हिगांचे होते, त्यामुळे मॉर्टन यांची खरी कसोटी एव्हरेट यांच्यावरील आघाडीपेक्षा या निम्म्याच्या रेषेवर होती.

मॉर्टन हे नशिबाने पुढे आलेले नवखे उमेदवार होते, असेही नाही. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचे हे न्यायाधीश १८२८ पासून दरवर्षी ही निवडणूक लढवत होते. गव्हर्नरची मुदत तेव्हा एकच वर्षाची असे. या खेपेला त्यांच्या पथ्यावर पडला तो १८३८ चा मद्यविक्रीचा कायदा. १५ गॅलनपेक्षा, म्हणजे सुमारे ५७ लिटरपेक्षा, कमी दारू विकण्यास त्याने बंदी घातली होती. पिंप भरून घेणारा श्रीमंत सुटला आणि गुत्त्यावर पेलाभर घेणारा कष्टकरी अडकला. कायद्यावर सही एव्हरेट यांची होती. १८४० मध्ये तो रद्द झाला.

त्या वर्षीच्या निवडणुकीत मॉर्टन हरले. १८४२ मध्ये कोणालाच बहुमत मिळाले नाही आणि यावेळी विधिमंडळाने मॉर्टन यांनाच निवडले. निम्म्याहून अधिक मतांची अट पुढे १८५५ च्या घटनादुरुस्तीने काढून टाकली.