घराबाहेरची मांजरे आणि खाडीकाठचे पक्षिजीवन

नवी मुंबईच्या उभारणीकरिता १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली, तेव्हा ठाणे खाडीच्या पूर्वेस आगरी-कोळी गावे, भातखाचरे आणि मिठागरे होती. आज तेथे नगर वसले असले, तरी खारफुटी व पाणथळ जागा अद्यापि अनेक वसाहतींच्या कुंपणाला लागूनच आहेत. खाडीतील फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ साली घोषित झाले आणि २०२२ मध्ये ते रामसर यादीत समाविष्ट झाले. या परिसराच्या रक्षणाचा विचार करताना भराव व सांडपाणी यांची चर्चा होते, आणि ती योग्यच आहे. घराबाहेर हिंडणाऱ्या मांजराकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही.

उघड्या चिखलात वावरणाऱ्या उंच रोहित पक्ष्यास मांजरापासून फारसे भय नाही. भय आहे ते लहान जिवांना. टिटवी उघड्या जमिनीवर खड्यांमध्येच अंडी घालते. शिंपी व बुलबुल यांची घरटी बागेतील झुडपांत, अनेकदा हाताला लागतील इतकी खाली असतात. पावसाळ्याच्या तोंडावर कोकणात येणारा नवरंग प्रवासाने थकून कित्येकदा इमारतींच्या आवारात उतरतो व पालापाचोळ्यात किडे वेचीत जमिनीवरच चरतो. सरडे, सापसुरळ्या आणि खारी यांचीही स्थिती याहून निराळी नाही.

रानमांजर, म्हणजेच बाऊल, हे तर या प्रदेशातील मूळचेच. मग पाळीव मांजराने नवे संकट कोणते आणले, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. याचे उत्तर अन्नात आहे. रानातील भक्ष्य घटले की बाऊलाची पिले जगत नाहीत, त्यांची संख्या उतरते व भक्ष्याला उसंत मिळते. वसाहतीतील मांजरास मात्र मासळीची आतडी, कचराकुंडीतील उष्टे आणि दयाळू रहिवाशांनी ठेवलेले खाद्य बारमाही मिळते. पाखरे कमी झाली म्हणून मांजरे कमी होत नाहीत. शिवाय त्यांची शिकारीची प्रेरणा भुकेवर अवलंबून नसते. भरल्या पोटीही मांजर झेप घेतेच.

पाळणाऱ्यास याचा पत्ता लागत नाही. अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात मांजरांच्या गळ्यात लहान कॅमेरे बांधून केलेला अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. त्यात पकडलेल्या भक्ष्यांपैकी जेमतेम चौथा हिस्सा घरी आणला गेला. जवळजवळ निम्मे जागीच टाकलेले होते. त्याच वर्षीच्या दुसऱ्या अंदाजानुसार त्या देशात मांजरांमुळे दरसाल १३० ते ४०० कोटी पक्षी मरतात, आणि त्यांपैकी बहुतांश बेवारस मांजरांच्या तोंडी पडतात. हे आकडे आपल्याकडे जसेच्या तसे लावता येणार नाहीत. येथे कावळे, घारी व भटकी कुत्रीही आहेत, आणि भरावाने पाणथळच नाहीशी झाली तर मांजराचा प्रश्न उरतच नाही!

मांजरे ठार मारणे हा उपाय नव्हे. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास मनाई आहे. आणि अन्न तेथेच राहिले, तर रिकाम्या जागी दुसरी मांजरे येतात. मादी साधारणतः सहा महिन्यांत वयात येते व वर्षातून दोन-तीनदा विते; म्हणून निर्बीजीकरण एखाद-दुसऱ्या मांजरापुरते न ठेवता संपूर्ण वसाहतीत करावे लागते. खाद्य खारफुटीच्या कडेला न ठेवता वसाहतीच्या आत, ठराविक वेळी द्यावे आणि उरलेले उचलावे. मासळी बाजारातील कचरा त्याच दिवशी हलविणे हे स्थानिक संस्थांचे काम आहे.

पाळीव मांजर रात्री व पहाटे घरात ठेवणे सर्वांत परिणामकारक. ते शक्य नसल्यास, इंग्लंडमधील २०२१ च्या एका अभ्यासाचा आधार घेता येईल. मांसयुक्त आहाराने घरी आणलेल्या शिकारीचे प्रमाण ३६ टक्क्यांनी, तर रोज पाच-दहा मिनिटे खेळविल्याने २५ टक्क्यांनी घटले. गळ्यातील घंटेचा मात्र ठळक परिणाम दिसला नाही.

नकोशी पिले पोत्यात घालून लांब सोडून येण्याची जुनी रीत आहे. प्राणी उपासमारीने हाल होतील अशा स्थितीत सोडून देणे हा वरील कायद्यानुसार गुन्हा होय, ही माहिती शाळांतून व ग्रामसभांतून द्यावयास हवी. खाडीकाठी सोडलेले पिलू जगले, तर ते जगते टिटवीच्या पिलांवर.