मोटारसायकलही उलाळ होते



युरियाचे पोते, फवारणीचा पंप, दुधाची कॅन आणि मागे घरची माणसे. लोहाऱ्याहून शेताकडे किंवा यवतमाळच्या बाजाराला जाणारी मोटारसायकल ही आजची बंडीच झाली आहे. बंडीत माल भरताना ती उलाळ होणार नाही, हे आपण न सांगता पाहतो. मोटारसायकलचे तसे कोणी पाहत नाही.

मीही पाहिले नव्हते. काही वर्षांमागे खरिपात 45 किलोचे पोते मागे बांधून आणि मुलीला मधे बसवून मी दारव्हा रस्त्याने येत होतो. वळणावर हँडल एकदम हलके लागले, पुढचे चाक बाहेर ओढले गेले आणि आम्ही कडेच्या मुरमात पडलो. मुलीचा हात मोडला. गाडीत बिघाड काहीच नव्हता. मागचे शॉकअप एकट्या माणसाच्या खाचेवर होते, एवढेच. मागची बाजू खाली बसली की पुढच्या चाकावरचा भार कमी होतो, मग वळणावर चाक रस्ता धरत नाही.

मागच्या शॉकअपच्या स्प्रिंगला फिरणारी कडी असते. बहुतेक साध्या गाड्यांत तिला 5 खाचा असतात. गाडीसोबतच्या हूक पान्याने ती फिरते. आधी हवा पुस्तिकेप्रमाणे भरा, नाहीतर मोजमाप फुकट जाते. मग गाडी डबल स्टँडवर लावून, मागचे चाक अधांतरी असताना, आसापासून सरळ वर सीटखालच्या एखाद्या खुणेपर्यंत अंतर मोजा. आता स्टँड काढा, नेहमीच्या ओझ्यासह बसा, एकाला हँडल धरायला सांगा आणि दुसऱ्याकडून तेच अंतर पुन्हा मोजून घ्या. फरक शॉकअपच्या एकूण खेळाच्या तिसऱ्या हिश्शाएवढा असावा. खेळ 80 मिलिमीटर असेल तर 25 ते 30 ठीक. जास्त दबली तर कडी एक खाच वर घ्या. दोन्ही बाजूंची खाच मात्र सारखीच हवी. एक वर, एक खाली असलेल्या गाड्या मी गावात कितीतरी पाहतो!

एक गैरसमज आहे. कडी आवळली म्हणजे स्प्रिंगची ताकद वाढली, असे नाही. गाडी फक्त उंच राहते. पुस्तिकेत दिलेल्या वजनापलीकडे ओझे घातले तर पाचवी खाचही कामाची नाही.

सीट जोराने दाबून सोडा. गाडी एकदा वर येऊन थांबली तर शॉकअप चांगला. दोन-तीनदा हेलकावली तर आतला तेलाचा भाग संपला, जोडीच बदला.

पुढच्या शॉकअपला साध्या गाडीत खाचा नसतात. तिथे तेलाचे माप आणि जात पुस्तिकेप्रमाणे, दोन्ही नळ्यांत सारखी. आपली काळी माती नळीवर वाळली की ऑइल सील कापते, म्हणून शेतातून आल्यावर ओल्या फडक्याने नळ्या पुसा. खताचे पाणी लागले असेल तर आधी धुवा. तेल गळून ब्रेकवर उतरले तर गाडी बाहेर काढू नका.

ओझे उतरल्यावर कडी मूळ खाचेवर आणा, नाहीतर एकट्याला पाठीत धक्के बसतील. आणि रात्री निघण्याआधी ओझ्यासह दिवा भिंतीवर पाडून बघा. मागची बाजू दबलेली असेल तर उजेड समोरच्याच्या डोळ्यांवर जातो.